बुणगे, बारगीर आणि नेपाळची वाट

मराठेशाहीचा इतिहास वाचताना एक शब्द सारखा भेटतो. बुणगे. लढणाऱ्या फौजेच्या मागून जे काही म्हणून चालत असते ते सगळे बुणगे. राहुट्या, भांडीकुंडी, बैल, बाजार, नोकरचाकर, फौजेच्या आडोशाने काशी-मथुरा करायला निघालेले यात्रेकरू, सगळेच त्यात आले. 'बाजारबुणगे' हा शब्द अजून आपल्या बोलण्यात आहे, पण आपण तो माणसांना हिणवायला वापरतो. मूळ प्रश्न मात्र सामानाचा होता.

हे आठवायचे कारण असे की आमच्या प्रताप नगरातल्या घरी सध्या एक मोहीम शिजते आहे. भाचा आणि त्याचे दोन मित्र दसऱ्यानंतर मोटरसायकलींवर नेपाळला जाणार. नागपूर, सिवनी, जबलपूर, रीवा, प्रयागराज, गोरखपूर, सोनौली आणि पुढे पोखरा. सीमेपर्यंतच हजार-अकराशे किलोमीटर होतात. मुक्काम शक्यतो तंबूत. सामानाची यादी दोन पानी झाली आहे आणि दिवाणखान्यातला अर्धा दिवाण तिने अडवला आहे. मी "यातलं निम्मं काढा" म्हटलं की उत्तर ठरलेले, "मामा, ते सगळं लागतंच!" म्हणून वाद घालण्यापेक्षा लिहून ठेवतो. नातेवाईक मंडळी वाचतातच इथे, तेवढाच माझ्या बाजूने दबाव :)

तर सामानाचा इतिहास. आपल्याकडे त्याचे दोन मोठे धडे आहेत आणि दोन्ही आपण शाळेत शिकतो, फक्त सामानाचे धडे म्हणून शिकत नाही. पहिला पालखेडचा, फेब्रुवारी १७२८. निजामाची फौज मोठी, तोफखाना जबर. बाजीरावाची फौज घोड्यावर, मागे फारसे काही नाही. बाजीरावाने त्याला महिनोन् महिने पळवले, थकवले आणि शेवटी पाणी नसलेल्या मुलखात कोंडले. निजामाला तह करावा लागला. बाजीराव घोड्यावर बसल्या बसल्या कणसे हातावर चोळून दाणे खात असे, ही आख्यायिका खरी असो नसो, ती कशासाठी सांगितली जाते ते उघड आहे. ज्याचे जेवण मुठीत मावते त्याला अडवणे अवघड.

दुसरा धडा पानिपतचा. १७६० च्या मार्चमध्ये भाऊसाहेब परतूडहून निघाले तेव्हा बरोबर गारद्यांचा तोफखाना होता आणि फौजेच्या मागे बायकापोरे, यात्रेकरू, व्यापारी असा प्रचंड पसारा. हा पसारा चालवायचा म्हणजे रोज चारा हवा, धान्य हवे, पैसा हवा. ऑक्टोबरात अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि दिल्लीची वाट तोडली. रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. मग १४ जानेवारी १७६१ ला जी फौज लढायला बाहेर पडली ती उपाशी होती. पानिपतच्या पराभवाला कारणे अनेक आहेत, त्यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत. पण जे सोबत घेतले ते सोडूनही देता येत नाही आणि ओढूनही नेता येत नाही, ही अवस्था त्यातली एक होतीच.

मोटरसायकलवाल्याला हे दोन्ही धडे जसेच्या तसे लागू पडतात. गाडीच्या पुस्तिकेत कमाल भार लिहिलेला असतो, तो माणसासकट धरायचा असतो. हे वाक्य कोणी वाचत नाही. जड वस्तू (हत्यारे, सुटे भाग, पाणी) खाली आणि मध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंच्या पिशव्यांच्या तळाशी. हलके आणि फुगीर (झोपायची पिशवी, कपडे) वर आणि मागे. मागच्या पेटीत सगळे जड कोंबले की घाटात पुढचे चाक हलके होते आणि गाडी वळायला नको म्हणते. हे घोड्याच्या खोगिराला लागू होते, बैलाच्या पाठीवरच्या गोणीला लागू होते, तसेच बुलेटलाही.

आता एक वेगळा प्रवासी, आपल्या अगदी घराजवळचा. हैदराबाद रस्त्याने गेलात तर हिंगणघाट लागते. तिथे विल्यम लॅम्ब्टनची कबर आहे. दक्षिण भारतापासून त्रिकोण मोजत मोजत वर येणारी ती प्रचंड मोजणी त्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केली आणि हैदराबादहून नागपूरकडे येताना २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला त्याचा अंत झाला. त्याच्या सामानात एक थिओडोलाइट होता, कोन मोजायचे यंत्र. वजन सुमारे अर्धा टन! हे यंत्र डोंगरांवर, गोपुरांवर चढवत नेले जाई. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. लॅम्ब्टनने ते परत पाठवले नाही. तंबूत बसून जवळजवळ दीड महिना स्वतः ठोकून, सरळ करून दुरुस्त केले.

मला यात दोन गोष्टी दिसतात. जे यंत्र नेणार ते स्वतःला खोलता आणि जोडता आले पाहिजे. क्लचची तार, ॲक्सिलरेटरची तार, स्पार्क प्लग, फ्यूज, ट्यूब, पंक्चरचे सामान हे नुसते पिशवीत असून भागत नाही. घरासमोर एकदा चाक काढून, ट्यूब बदलून, परत बसवून पाहायचे. तंबूही एकदा गच्चीवर रात्री, बॅटरीच्या उजेडात लावून पाहायचा. आणि दुसरी गोष्ट म्हणजे दोर. कितीही महाग सामान असो, ते एका दोराच्या भरवशावर असते. म्हणून बांधायचे पट्टे जास्तीचे दोन घ्यावेत आणि प्रत्येक थांब्याला हात लावून पाहावेत.

गंमत म्हणजे ही मोजणी नागपूर ओलांडून हिमालयापर्यंत गेली आणि नेपाळच्या सीमेवर थांबली. नेपाळ दरबाराने मोजणीवाल्यांना आत येऊ दिले नाही. म्हणून जगातले सगळ्यात उंच शिखर शंभराहून जास्त मैलांवरून, तराईच्या सखल भागातून मोजावे लागले आणि १८५६ मध्ये त्याची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. पाठीशी सगळे साम्राज्य होते, पण परवानगी नव्हती.

आणि नुसती परवानगी मिळूनही गाडी गेली नसती, कारण रस्ताच नव्हता. काठमांडूच्या राणा सरदारांना मोटारी हव्या होत्या. त्या भीमफेदीपर्यंत आणून पुढे हमालांच्या खांद्यांवरून, बांबूंना बांधून, डोंगर चढवून-उतरवून काठमांडूच्या खोऱ्यात नेल्या जात. म्हणजे गाडी सामान वाहत नव्हती, गाडीच सामान झाली होती! भारतीय लष्कराच्या इंजिनियरांनी १९५३ ते १९५६ या काळात त्रिभुवन राजपथ बांधला तेव्हा हे संपले. आपल्या बुलेटचा जन्मही साधारण याच काळातला. सीमेवर गस्त घालायला मजबूत मोटरसायकल हवी म्हणून लष्कराने ती विलायतेहून मागवली आणि मग १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया कंपनी उभी राहिली.

आता कागद. जुन्या काळी एका अमलातून दुसऱ्या अमलात जाताना चौकीवर दस्तक दाखवावे लागे. आजचे दस्तक म्हणजे नेपाळच्या नाक्यावरचा भन्सार. सोनौलीच्या पलीकडे बेलहियाला गाडीचे कागद दाखवून, जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचे पैसे भरून पावती घ्यायची आणि ती परत येईपर्यंत जपायची. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे आपल्याला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते. मात्र आधार कार्डाच्या भरवशावर जाऊ नये. आणखी लांबच्या देशांत गाडी न्यायची तर कार्नेट नावाचे पुस्तक लागते, म्हणजे गाडी परत नेईन, विकणार नाही, याची अनामत रकमेसकट हमी. नेपाळ-भूतानला ते लागत नाही. विम्याचे मात्र लक्षात ठेवावे. आपली पॉलिसी भारतापुरती असते. नेपाळपुरता भौगोलिक विस्तार जास्तीचा हप्ता भरून आधी लिहून घ्यावा लागतो.

आणि गाडी कोणाची? इथे पुन्हा मराठेशाही. स्वतःचा घोडा घेऊन येई तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर. आमच्या त्रिकुटात दोन शिलेदार आणि एक बारगीर आहे, कारण तिसरी गाडी वडिलांच्या नावावर आहे. त्याने वडिलांचे सहीचे संमतिपत्र घेतलेच पाहिजे. एमएच-३१ च्या आरसी बुकावर दुसऱ्याचे नाव असले तर नाक्यावर विचारणारच.

सीमा उघडी आहे म्हणजे ती कायम उघडी असते असे मात्र नाही. मार्च १९८९ मध्ये व्यापार-वाहतुकीचा करार संपला आणि २१ पैकी फक्त २ नाकी उघडी राहिली. तिथे रॉकेल-पेट्रोलसाठी रांगा लागल्या. २५ एप्रिल २०१५ ला भूकंप झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत नाक्यांवर माल अडकून पडला. पेट्रोल काळ्या बाजारात गेले. डिसेंबर २०१८ मध्ये शंभरच्या वरच्या भारतीय नोटांना नेपाळने बंदी केली, नंतर तो नियम बदलत गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये तरुणांच्या आंदोलनात सरकार पडले, तेव्हाही प्रवासी जिथल्या तिथे अडकले. म्हणून नोटांचा नियम निघायच्या आठवड्यात पाहायचा, शंभराच्या नोटा ठेवायच्या, टाकी अर्ध्यावर आली की भरायची आणि परतीचे दोन दिवस हातचे राखायचे. शिवाय दसऱ्याच्या सुमारास त्यांचे दशैं असते, गावोगावची माणसे घरी निघालेली असतात. बस-रस्ते भरलेले, कचेऱ्या बंद.

आता जे मला खरे सांगायचे आहे ते.

नागपूरहून घोडी सज्ज करून, हलके सामान बांधून पूर्वी एक मोठी मोहीम दूरच्या मुलखात गेली होती. रघुजी भोसल्यांची, बंगालवर. १७४२ मध्ये भास्करपंत कोल्हटकर बर्दवानला पोचले. त्या शरदात काटव्याजवळ त्यांनी दुर्गापूजा मांडली आणि अलीवर्दीखानाने रात्री नदी ओलांडून छापा घातला. १७४४ मध्ये बोलणी करायला म्हणून बोलावून भास्करपंतांना मारले. तरी स्वाऱ्या चालूच राहिल्या आणि १७५१ च्या तहात ओडिशा आणि चौथाईचे बारा लाख मिळाले. आपण हे अभिमानाने सांगतो. पण पलीकडे काय उरले? बंगालीत 'बर्गी' हा शब्द उरला, आपल्या बारगिराचाच. गंगाराम नावाच्या कवीचे 'महाराष्ट्र पुराण' त्याच काळातले, त्यात जळालेली गावे आणि पळणारी माणसे आहेत. आणि तिथल्या आया पोरांना निजवताना ज्या अंगाईत बर्गी आल्याचे सांगतात ती अजून गायली जाते. पावणेतीनशे वर्षे झाली. नागपूरचा घोडेस्वार एका अंगाईत भीती म्हणून राहिला आहे.

त्यांची मोहीम लुटीची होती, पोरांची सहल आहे, हे मला कळते. पण मोठ्या आवाजाच्या तीन गाड्या रात्री आठला एखाद्या डोंगरी खेड्यात शिरतात, कोणाला न विचारता कोणाच्या तरी शेताच्या बांधावर तंबू ठोकतात, सकाळी प्लास्टिक मागे टाकून निघून जातात, तेव्हा त्या खेड्यातल्या बाईला काय दिसते? जाणाऱ्याच्या लक्षात राहतात ते डोंगर. राहणाऱ्याच्या लक्षात राहतो तो जाणारा. म्हणून यादीत माझ्याकडून चार भर. दिवस मावळायच्या आधी थांबायचे. ज्याची जागा त्याला विचारून, हात जोडून, पैसे विचारून तंबू लावायचा. कचऱ्याची एक पिशवी, भरून परत आणायची. आणि संत्राबर्फीचे डबे, वाटायला.

खायचे तर घरचेच न्यावे. सातूचे पीठ, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले पोहे, गूळ. यातल्या कशालाच चूल लागत नाही, आणि सातू संपले तर गोरखपूरला सत्तू म्हणून मिळतेच.

शेवटी वरसईचे विष्णुभट गोडसे. दक्षिणा मिळेल म्हणून १८५७ मध्ये काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या ऐन धामधुमीत सापडले. झाशीच्या वेढ्यात होते, लुटले गेले, कमावलेले बहुतेक हातचे गेले. तरी घरी आले ते खांद्यावर गंगेची कावड घेऊन, आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये छापला. जाताना काय नेले होते यापेक्षा येताना काय आणले हे त्यांच्या घरच्यांच्या जास्त लक्षात राहिले असणार. म्हणून दोन पिशव्यांपैकी एक थोडी रिकामी ठेवा पोरांनो. आणि रोज संध्याकाळी एक फोन, नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते हे धरून.