रोटरी गोंदणयंत्र : जुळणी व देखभाल

रोटरी गोंदणयंत्र : लहान विद्युत मोटरच्या फिरत्या गतीचे सुईच्या वर-खाली गतीत रूपांतर करून त्वचेत शाई भरणारे यंत्र. मूळ कल्पना टॉमस एडिसन यांच्या 1876 मधील विजेच्या लेखणीची. कागदाला बारीक भोके पाडून प्रती काढण्यासाठी ती होती. त्याच तत्त्वावर सॅम्युअल ओरायली यांनी न्यूयॉर्कमध्ये 1891 साली गोंदणयंत्राचे एकस्व घेतले. पुढे वेटोळ्यांच्या, म्हणजे कॉइल यंत्रांनी बाजार व्यापला. रोटरी पुन्हा रुळली ती हलक्या, दमदार मोटरी मिळू लागल्यावर.

कॉइल यंत्रात स्प्रिंगा आणि स्पर्शस्क्रू सतत जुळवावे लागतात. रोटरीत ते नाहीत, म्हणून तिला जुळणीच लागत नाही असा समज आहे, तो खोटा. मोटरच्या दांड्यावर मध्याबाहेर बसवलेली खुंटी म्हणजे कॅम. तिचे मध्यापासूनचे अंतर दुप्पट केले की सुईची धाव, म्हणजे स्ट्रोक, मिळतो: खुंटी 1.75 मिमी बाजूला असेल तर स्ट्रोक 3.5 मिमी. सर्वसाधारण कामाला हाच चालतो. हलक्या छटेसाठी त्याहून कमी, ठसठशीत रेषेसाठी जास्त स्ट्रोक घेतात. स्ट्रोक आणि त्वचेतील खोली या वेगळ्या गोष्टी आहेत. शाई साधारण 1 ते 2 मिमीवर, आंतरत्वचेत बसावी लागते. धावेचा उरलेला भाग नळीतच संपतो. म्हणून सुई पूर्ण खाली आलेली असताना ती टोकाबाहेर किती दिसते, हे आधी तपासावे.

व्होल्टेजचा आकडा दुसऱ्याच्या यंत्रावरून उचलण्यात अर्थ नाही. मोटर बदलली की त्याच व्होल्टेजला वेग वेगळा. थेट जोडणीच्या यंत्रात एका फेऱ्याला एक टोचणी, म्हणजे मिनिटाला 6,000 फेरे असतील तर सेकंदाला 100 टोचण्या. हात संथ आणि वेग जास्त असला की कातडी सोलवटते. हात भरभर आणि वेग कमी असला की रेषेऐवजी ठिपक्यांची रांग उमटते. स्ट्रोक वाढवल्यावर त्याच फेऱ्यांना सुई अधिक जोराने आदळते, तेव्हा व्होल्टेज थोडे उतरवून पाहावे.

यंत्र अडखळले की दोष मोटरवर ढकलला जातो, पण आधी वायर, तिचे ढिले टोक आणि वीजपुरवठा पाहावा. आवाज खरखरीत झाला तर बहुधा बेअरिंग झिजलेले असते. सरकत्या भागाला हलक्या तेलाचा एखादा थेंब पुरे; जास्तीचे तेल शाई व धूळ धरते आणि मोटरच्या ब्रशांपर्यंत गेले तर मोटरच निकामी करते. बंद बेअरिंगला तेल घालू नये. छोट्या मोटरींचे ब्रश सहसा बदलता येत नाहीत, पूर्ण मोटर बदलावी लागते.

स्टीलची मूठ ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंश सेल्सिअसला निदान 15 मिनिटे निर्जंतुक करतात. मोटर तिथे टिकत नाही. तिला कामाआधी प्लॅस्टिकचे आवरण घालतात आणि नंतर जंतुनाशकाने पुसतात, फवारत नाहीत. सुई ज्यात बसवलेली असते त्या कार्ट्रिजमधील पातळ पडदा शाई व रक्त मागे जाऊ देत नाही. पडदा नसलेले स्वस्त कार्ट्रिज वापरले, तर वरची सगळी स्वच्छता फुकट जाते. सुई आणि कार्ट्रिज एका माणसापुरतेच. जत्रेत असो की वातानुकूलित स्टुडिओत, गोंदवून घेणाऱ्याने सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावे.