प्रवेश सर्वांना खुला

माझ्या कपाटात महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या कार्यक्रमांच्या चारशेहून अधिक हस्तपत्रिका आहेत. व्याख्याने, एकांकिका, स्नेहसंमेलने, क्रिकेटचे सामने, चित्रांची प्रदर्शने. इतिहासाचा अभ्यासक कागद जमवतो ते घडून गेलेल्या गोष्टींचे. माझ्याकडचे सगळे कागद भविष्यकाळातले. ‘होणार आहे’, ‘गुंफतील’, ‘भूषवतील’. यांतली कित्येक क्रियापदे मी स्वतःच्या हातांनी जुळवली आहेत.

बारावीत गणिताने दगा दिल्यावर मी पुण्यातल्या एका छोट्या छापखान्यात कंपोझिटर म्हणून लागलो. साल १९८७. पावसाळा सुरू झाला की कॉलेजांची कामे येऊ लागत. हस्तपत्रिकेची बांधणी ठरलेली असे. वर संस्थेचे नाव, मग ठळक खिळ्यांत वक्ता, त्याखाली विषय, ‘सायंकाळी ठीक ६ वाजता’, ‘आपले नम्र’, आणि अगदी तळाशी बारीक टायपात ‘प्रवेश सर्वांना खुला’. ही ओळ जुळवता जुळवता एक दिवस वाटले, सर्वांना म्हणजे आपल्यालाही. हात धुतले, नखांतली शाई तशीच राहिली, आणि जाऊन मागच्या बाकावर बसलो. कोणी काही विचारले नाही. पुढे जे काही शिकलो, ते बरेचसे या ओळीच्या भरवशावर. ती ओळ कुठून आली, ती नसती तर काय बिघडले असते, हे शोधण्याचा नाद त्यातूनच लागला.

मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८ जुलै १८५७ रोजी. पण ते शिकवत नव्हते, हे आजही अनेकांना सांगितले तर खरे वाटत नाही. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या, एवढेच त्याचे काम. शिकवायचे ते एल्फिन्स्टन, डेक्कन, विल्सन अशा कॉलेजांनी. १८७४ साली कावसजी जहांगीर सभागृह उभे राहिले, १८७८ साली राजाबाई टॉवर. विद्यापीठाच्या पहिल्या अध्यापन विभागांपैकी समाजशास्त्राचा विभाग मात्र निघाला १९१९ साली, पॅट्रिक गेडिस यांच्याकडे. म्हणजे मनोऱ्यावर घड्याळ आले आणि त्यानंतर चाळीस वर्षांनी विद्यापीठाचा स्वतःचा तास सुरू झाला!

मधल्या काळात विद्यापीठाच्या नावाने बोलत कोण होते? १८७७ साली बोलले रामकृष्ण गोपाळ भांडारकर. विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवलेले रेव्हरंड जॉन विल्सन १८७५ साली वारले. त्यांच्या नावाची भाषाशास्त्रीय व्याख्याने भांडारकरांनी दिली. १८६२ साली जे पहिले चार पदवीधर बाहेर पडले त्यांत भांडारकर होते. उरलेले तिघे महादेव गोविंद रानडे, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. सात व्याख्यानांत भांडारकर संस्कृतापासून निघाले आणि पाली, प्राकृत, अपभ्रंश असे टप्पे घेत मराठी, गुजराती, हिंदी या चालत्या बोलत्या भाषांपर्यंत आले. कोणता प्रत्यय कुठून झिजत आला, कोणते जुने रूप अजून तग धरून आहे, याचा हा हिशेब होता.

आता त्याच वेळचा अभ्यासक्रम पाहा. पदवीच्या परीक्षांतून देशी भाषा तेव्हा बाहेर काढलेल्या होत्या. मराठीला पुन्हा आत घ्यावे म्हणून रानड्यांना पुढे शतकाच्या अखेरीपर्यंत झगडावे लागले. ज्या विद्यापीठाच्या परीक्षेत मराठीला जागा नव्हती, त्याच विद्यापीठाच्या व्याख्यानात मराठीची वंशावळ मांडली जात होती. मला या विषयात एवढी एकच गोष्ट सांगायची आहे : अभ्यासक्रमाने ज्यांना बाहेर ठेवले ते पुष्कळदा कार्यक्रमाच्या दाराने आत आले. ती व्याख्याने पुस्तकरूपाने निघाली १९१४ साली, तब्बल सदतीस वर्षांनी.

याची सुरुवात विद्यापीठाच्याही आधीची आहे. १८४८ साली एल्फिन्स्टनच्या परिसरात ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ निघाली. तरुण दादाभाई नवरोजी त्यातलेच. सभासद निबंध वाचत, वाद घालत. गुण कोणी देत नव्हते. याच सभासदांनी १८४९ साली मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि तिथे सुरुवातीला स्वतःच विनावेतन शिकवले. परीक्षेसाठी लिहिलेल्या एखाद्या निबंधातून शाळा निघाल्याचे मला तरी आढळलेले नाही. पुण्यात १८७५ साली रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती तर कॉलेजच्या आवाराबाहेरच.

गणेशखिंडीचा दाखला मला सर्वांत जवळचा वाटतो. आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे ते मुळात गव्हर्नरांचे निवासस्थान. २२ जून १८९७ रोजी तिथे व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ होता. तो संपवून परतताना गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. त्या रात्री आत कोण होते आणि रस्त्यावर अंधारात कोण उभे होते, हे वेगळे सांगायला नको. बावन्न वर्षांनी, १९४९ साली, तिथे विद्यापीठ आले. पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर. या विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाने पुढे जयकरांच्याच नावाची व्याख्यानमाला गावोगाव नेली. ‘बहिःशाल’ हा शब्द मी पहिल्यांदा जुळवला तेव्हा विसर्ग सापडेना, मालक ओरडले होते. शाळेबाहेरच्यांसाठी, असा त्याचा अर्थ नंतर कळला.

पण हस्तपत्रिका हे साधन फसवे आहे, हेही कबूल केले पाहिजे. ती सांगते ते ठरलेले. घडले की नाही, याची साक्ष ती देत नाही. खेळाचे बरे असते. आंतरविद्यापीठ क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक १९३५ साली सुरू झाला. असा सामना झाला की वर्तमानपत्रात धावफलक येतो, आणि फलकाशी पत्रक ताडून पाहता येते. नाटकाचे अर्धेमुर्धे कळते. १९६३पासून चाललेल्या पुरुषोत्तम करंडकाची पत्रके मी वर्षानुवर्षे जपली, ‘आव्वाज कुणाचा’च्या आरोळ्यांत कान बधिर करून घेतले, तरी २०२२ साली परीक्षकांनी करंडक कोणत्याच संघाला दिला नाही, हे पत्रकावरून कधीच कळले नसते. व्याख्यान मात्र हवेत विरते. माझ्याकडच्या एका पत्रकावरचा वक्ता धो धो पावसामुळे पोहोचलाच नव्हता. मी हजर होतो म्हणून ठाऊक. उद्या कोणी ते पत्रक पाहून ‘व्याख्यान दिले’ असे लिहील, आणि त्याला चूक तरी कसे म्हणावे?

दुसरी फसगत माझ्या हातची आहे. पत्रकात जागा कमी पडली की सर्वांत आधी काय गळायचे? तळाची ओळ. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची नावे गाळता येत नसत, वक्त्याच्या पदव्या तर नाहीच. ‘प्रवेश सर्वांना खुला’ ही ओळ मी किती वेळा उचलून केसमध्ये परत टाकली असेल, मोजदाद नाही. तेव्हा ती ओळ दिसली नाही म्हणजे दार बंद होते, असा निष्कर्ष माझ्या साधनांवरून काढता येत नाही. किती जण मात्र ती न दिसल्यामुळे घरी थांबले असतील, याचा विचार अलीकडे वरचेवर मनात येतो. पुढे एका ग्रंथालयात जुनी पत्रके पाहायला गेलो, तर पदवी विचारली. नाही म्हटल्यावर अर्ज परत मिळाला. पुन्हा एका परिचित प्राध्यापकांचे पत्र घेऊन गेलो तेव्हा कुठे ती फाइल हाती आली. तिच्यात तीन पत्रके माझ्या जुन्या छापखान्यातली निघाली. एकात मीच उलटा लावलेला ‘स’ होता.

आता पत्रके फोनवर येतात. कालच एक आले : पुढच्या गुरुवारी एका विद्यापीठात मोडी कागदपत्रांवर व्याख्यान आहे, नावनोंदणी आवश्यक. अर्ज उघडला. नाव भरले, वय भरले. ‘संस्था’ हा रकाना रिकामा ठेवला तर अर्ज पुढे सरकेना. थोडा वेळ थांबून तिथे ‘कंपोझिटर’ असे लिहिले. अर्ज स्वीकारला गेला. गुरुवारी सायंकाळी ठीक ६ वाजता.