नेरळ-माथेरानची छोटी गाडी : आपल्या मातीतील एक रेल्वे-वारसा

विद्यार्थी मित्रांनो, पुण्याच्या वाटेवर नेरळ स्थानक लागते. तेथे साडेपाच फूट रुंदीच्या मोठ्या रुळांशेजारी अवघ्या दोन फूट रुंदीचे रूळ दिसतात. पाहुणे त्यावरील गाडीला खेळण्यातली गाडी म्हणतात. परंतु तिचा इतिहास वाचाल, तर हा खेळ नव्हता हे तुम्हांस पटेल.

1850 साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानचा डोंगर चढून गेले आणि थंड हवेचे ठिकाण म्हणून त्याचा लौकिक सुरू झाला. पुढे नेरळपर्यंत आगगाडी आली. पण तेथून वर जाण्यास घोडा, पालखी किंवा स्वतःचे पाय एवढीच साधने होती. ही अडचण दूर करण्याचे मुंबईचे अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी मनावर घेतले. त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय हे दाऊदी बोहरा समाजातील नामांकित उद्योगपती व दानशूर गृहस्थ. त्यांनी या कामासाठी पैसा उभा केला. 1904 मध्ये काम सुरू झाले आणि 1907 च्या मार्च महिन्यात गाडी धावू लागली. सुमारे 16 लाख रुपये खर्च आला. त्या काळी ही रक्कम किती मोठी होती, याचा हिशेब घरातील वडीलधाऱ्यांकडून समजून घ्या.

आता गणिताकडे वळू. मार्गाची लांबी सुमारे 21 किलोमीटर आणि चढ काही ठिकाणी 20 फुटांस 1 फूट. अशा चढावर गाडी सरळ नेता येत नाही. म्हणून रूळ घोड्याच्या नालासारखी वळणे घेत डोंगराला वळसे घालतात. वळण तीव्र असले की ताठ आसाची चाके रुळांत अडकतात. यावर उपाय म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कारखान्यातून खास इंजिने मागविली गेली. त्यांची पुढची व मागची चाके वळणाप्रमाणे थोडी सरकू शकत. बार्शी लाइट रेल्वे उभारणारे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचे ज्ञान येथे उपयोगी पडले. उतारावर गाडी आवरण्यासाठी डब्याडब्यावर ब्रेकवाले उभे असत व इंजिनाच्या शिट्टीच्या इशाऱ्यावर हाताने ब्रेक लावीत. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही स्थानके ओलांडत प्रवासी माथेरानला पोहोचत.

वाफेची इंजिने 1982 पर्यंत चालली. नंतर डिझेल आले. त्यांपैकी एक जुने इंजिन आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. परंतु पालकहो, इंजिन संग्रहालयात ठेवता येते, डोंगर कसा ठेवणार? या रेल्वेचे खरे संग्रहालय म्हणजे तिचा चालता मार्गच होय, आणि तो नाजूक आहे. 2005 च्या जुलैतील अतिवृष्टीने रूळ वाहून गेले. 2007 मध्ये गाडी पुन्हा सुरू झाली. 2016 मध्ये डबे घसरल्याने ती थांबली. 2019 च्या पावसाने पुन्हा घाला घातला, तेव्हा नेरळहून वर जाणारी गाडी 2022 च्या ऑक्टोबरपर्यंत बंद राहिली. माथेरान गावात मोटारींना बंदी असल्यामुळे गाडी बंद पडली, की तेथील हमाल, दुकानदार आणि लहान धंदेवाले यांच्या संसाराला झळ लागते.

पीरभॉय पिता-पुत्रांचे नाव इतिहासात राहिले, हे योग्यच झाले. पण ज्या मजुरांनी कातळ फोडला आणि ज्या ब्रेकवाल्यांनी पावसापाण्यात हात झिजविले, त्यांची नावे कोणत्या पाटीवर आहेत? तुमच्या गावातही एखादे जुने स्थानक, बंद पडलेली लाइन, सेवानिवृत्त गँगमन किंवा फायरमन असेल. येत्या सुट्टीत वही-पेन्सिल घेऊन त्यांच्याकडे जा. कोणत्या साली नोकरीस लागलात, पगार किती होता, हाती कोणते हत्यार होते, हे विचारा व तारखेसह लिहून ठेवा. रूळ उखडले तर पुन्हा टाकता येतात. न लिहिलेली आठवण मात्र माणसाबरोबरच जाते.