चंदगडच्या घराण्यांची वंशावळ

चंदगड तालुक्यातील घराण्याची वंशावळ, म्हणजे मूळ पुरुषापासूनच्या पिढ्यांची मांडणी, शोधणाऱ्याला नावांच्या आधी सीमांचा इतिहास पाहावा लागतो. कारण 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा त्यातून एकटा चंदगड तालुका वगळून मुंबई राज्यात ठेवला गेला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मुख्यतः करवीर संस्थानचे दप्तर असल्याने, आजचा जिल्हा पाहून तिथे पणजोबांचे नाव शोधणाऱ्याचे श्रम वाया जाण्याचा संभव मोठा; ब्रिटिश अमदानीतील महसुली कागदांचा माग बेळगावच्या दिशेने काढावा लागतो.

नॉर्वेतील वंशसंशोधकाचीही सुरुवात स्थळापासूनच होते. तिथे 1923 च्या कायद्याने कुळाचे एकच कायम आडनाव ठरेपर्यंत खेड्यातील माणूस वडिलांच्या आणि राहत्या शेतवाडीच्या नावाने ओळखला जाई, व शेतवाडी बदलली की हे दुसरे नावही बदले. म्हणून शेतवाडी आणि तिचे चर्च निश्चित झाल्यावाचून बाप्तिस्म्याची नोंद हाती लागत नाही. चंदगडकडे चर्चच्या वहीची जागा गाव नमुना नंबर 14, म्हणजे जन्ममृत्यूची नोंद असलेले कोतवाल बुक, शाळेचे जनरल रजिस्टर आणि जमिनीचा हक्क कोणाकडून कोणाकडे गेला हे सांगणारे फेरफार घेतात. जुने कागद बहुधा मोडी लिपीत असतात. त्यांत ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, एवढे ओळखता आले तरी दोन पिढ्या जुळू शकतात.

कागदाला या भागात मौखिक परंपरेची मोलाची जोड आहे. बैलावरून गावोगाव फिरणारे हेळवी आपल्या यजमान घराण्यांचे मूळ गाव, कुलदैवत आणि पिढ्या सांगत, वहीत नव्या जन्मांची भर घालत आणि धान्याच्या रूपाने मान घेत. तालुक्यातील पारगड किल्ल्यावर तानाजी मालुसरे यांचे पुत्र रायबा यांना किल्लेदारी मिळाल्याची परंपरा असून मालुसरे घराण्याचे वंशज तिथे आजही राहतात. अशा कुळांचा माग घाट उतरून पोलादपूरजवळच्या, तानाजींच्या उमरठ गावापर्यंत जातो.

म्हणून दप्तरात जाण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांकडून कुलदैवत, देवक, मूळ गाव आणि सुतक कोणाकोणाचे पाळले जाते हे लिहून घ्यावे. आडनाव बदलले, वाटण्या झाल्या, तरी सुतकाचा संबंध बहुधा टिकतो आणि भावकीची मर्यादा त्यावरून कळते. वंशावळीतील सर्वांत मोठी उणीव स्त्रियांची आहे. लेकी सासरी गेल्या की बहुतेक वंशावळींतून गळतात आणि सुनांचे माहेर कागदावर क्वचितच येते. ते गाव, तिथल्या भावांची नावे आणि लग्नाआधीचे नाव घरातील वृद्ध स्त्रियांना ठाऊक असते, तेव्हा नोंद घेण्यास त्यांच्यापासूनच आरंभ करावा.