आधी वीज, मग पडदा

मोबाइलचं बटण दाबलं की पडदा उजळतो. तेवढ्या वेळात आत केवढी धावपळ होते, हे आपल्याला दिसत नाही. कुणाला १.८ व्होल्ट हवेत, कुणाला ३.३. ही वाटणी करणारा घटक म्हणजे रेग्युलेटर.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनक्स कर्नल लिहायला घेतला, तो घरच्या पीसीसाठी. पुढे तो बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणांत शिरला आणि वीज जपून वाटणं भाग पडलं. लियाम गर्डवुड आणि मार्क ब्राउन यांची रेग्युलेटरची सामाईक व्यवस्था ऑक्टोबर २००८ मध्ये, २.६.२७ या आवृत्तीत आली.

व्यवस्था आली, तसा पेचही आला. मेमरी कार्डाचा ड्रायव्हर सुरू होताच आपला रेग्युलेटर मागतो. त्याची नोंद तोवर झालीच नसेल तर? ड्रायव्हर रिकाम्या हातानं परत जातो, कार्ड दिसत नाही. जोडणी बरोबर, चिप चांगली, ड्रायव्हरही निर्दोष. चुकलेला असतो फक्त क्रम. अशा वेळी अभियंते सुरुवातीच्या नोंदी ओळीओळीनं वाचत बसत : कोण आधी आलं, कोण मागाहून?

कर्नल सुरू होण्याच्या ठरावीक पायऱ्या असतात. रेग्युलेटरला अलीकडच्या पायरीवर आणणं, हा तेव्हाचा रूढ उपाय. पण रेग्युलेटरची चिप अनेकदा दुसऱ्याच एका वाहिनीवर बसलेली असते. मग त्या वाहिनीचा ड्रायव्हरही पुढे ओढा! एका बोर्डावर जमलेला क्रम दुसऱ्यावर बिघडे.

मे २०१२ च्या ३.४ आवृत्तीत ग्रँट लाइकली यांचा तोडगा आला. हवी ती वस्तू तयार नसेल, तर ड्रायव्हरनं ५१७ हा संकेतांक परत करायचा. अर्थ एवढाच, ‘आत्ता नाही, नंतर बोलवा’. कर्नल त्याला प्रतीक्षायादीत ठेवतो आणि दुसरा एखादा ड्रायव्हर मार्गी लागला की पुन्हा संधी देतो.

यालाही किंमत आहेच. रेग्युलेटरचा ड्रायव्हर कर्नलमध्ये घ्यायचाच राहिला, तर वाट पाहणारा मुकाट्यानं वाटच पाहत राहतो. म्हणून पुढे ती प्रतीक्षायादी तपासण्याची सोय झाली. २०१७ च्या ४.१० आवृत्तीपासून कोण कुणावर अवलंबून, हेही कर्नलला सांगता येऊ लागलं.

सगळ्यांचा क्रम आधीच ठरवता येत नाही, हे मान्य केलं आणि वाट सापडली. पडदा उजळण्याआधी कुणीतरी ‘नंतर येतो’ म्हणून मागे थांबलेलं असतं, एवढं ध्यानात ठेवायला हरकत नाही.