बलात्कारविषयक मिथके

बलात्कारविषयक मिथके : बलात्कार, तो करणारा पुरुष आणि तो जिच्यावर झाला ती स्त्री यांच्याविषयी समाजात रुजलेल्या, पुराव्याशी न जुळणाऱ्या आणि गुन्हेगाराची बाजू सावरणाऱ्या समजुती. ‘अंगावर जखम नाही म्हणजे तिची संमती असणार’, ‘चांगल्या घरच्या बाईवर अशी वेळ येत नाही’, ‘सूड म्हणून खोटी तक्रार केली’, ‘हे परक्या माणसाचेच काम’ ही त्यांची नेहमीची रूपे. यांतली शेवटची तर सरकारी आकडेवारीतच खोटी ठरते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचा असल्याचे वर्षानुवर्षे दिसते.

सामाजिक मानसशास्त्रात या समजुतींचे पद्धतशीर मोजमाप मार्था बर्ट यांनी 1980 मध्ये केले. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या 598 प्रौढांना प्रश्न विचारून त्यांनी दाखवले, की परस्परसंबंधांत बळजबरी चालायचीच असे जो मानतो, तो या मिथकांवरही सहज विश्वास ठेवतो. जग न्यायाने चालते, ज्याचे त्याला मिळते, या श्रद्धेचाही त्यात वाटा आहे. मेल्विन लर्नर व कॅरोलिन सिमन्स यांच्या 1966 च्या प्रयोगात एका स्त्रीला विजेचे झटके बसत असल्याचे विद्यार्थिनींना भासवण्यात आले. ते थांबवणे हाती नाही असे दिसताच पाहणाऱ्यांनी त्या स्त्रीलाच कमी लेखायला सुरुवात केली. ‘पुरुषाचा स्वभावच तसा’ हा बचावही टिकत नाही. ॲलिस ईगली व व्हॅलरी स्टेफन यांनी 1986 मध्ये अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा स्त्री-पुरुषांच्या आक्रमकतेतला फरक सरसकट सारखा नसून तो परिस्थितीनुसार बदलतो, असे आढळले.

महाराष्ट्राला या विषयाचा धडा प्रयोगशाळेतून नव्हे, तर एका पोलीस ठाण्यातून मिळाला. 26 मार्च 1972 च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज ठाण्यात (आता गडचिरोली जिल्हा) एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. आरोपी त्याच ठाण्यातले दोन पोलीस होते. मुलीच्या नावावरून हा ‘मथुरा खटला’ म्हणून ओळखला जातो. सत्र न्यायालयाने मुलीला खोटारडी ठरवले, तिला शरीरसंबंधांची सवय असल्याचे नमूद केले आणि आरोपींना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला : भीतीपोटी निमूट राहणे म्हणजे संमती नव्हे. हा साधा विचार सर्वोच्च न्यायालयाला पटला नाही. 1978 मध्ये त्याने आरोपींना निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचे दिसत नाही, ही कारणे निर्णायक ठरली. बर्ट यांचा निबंध यायच्या दोन वर्षे आधी ती मिथके निकालपत्रात उतरली होती, हे विसरू नये.

सप्टेंबर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार व वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून देशभर आंदोलन उभे राहिले, मुंबईत बलात्कारविरोधी मंच स्थापन झाला आणि 1983 मध्ये कायदा बदलला : कोठडीतील बलात्कारात संबंध सिद्ध झाला व स्त्रीने संमती नाकारली, तर संमती नव्हती असेच न्यायालय गृहीत धरते. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही, हे स्पष्टीकरण मात्र कायद्यात यायला 2013 उजाडले. दवाखान्यातले मिथक आणखी चिवट. स्त्रीला शरीरसंबंधांची सवय आहे का, हे ठरवू पाहणारी ‘दोन बोटांची चाचणी’ अशास्त्रीय आहे, हे सेवाग्रामचे न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी सविस्तर मांडले. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये ती करणाऱ्यांना गैरवर्तनासाठी जबाबदार धरण्याचे बजावले.

मनोवृत्ती मोजणाऱ्या प्रश्नावल्यांची एक मर्यादा बीड जिल्ह्यात नीट कळते. अंबाजोगाई तालुक्यातील घाटनांदूरसारख्या गावांच्या परिसरातून, तसेच साऱ्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कुटुंबे बाहेर पडतात. नवराबायकोचा एक ‘कोयता’ धरून मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. उघड्या रानातल्या कोपीत बाईची छेड काढणारा माणूस पुष्कळदा तिच्या मजुरीचा हिशोब ठेवणाराच असतो. तिचे मौन हे लाजेचे नसते, कर्जाचे असते. मुलीला गावी एकटी कशी ठेवायची, या धास्तीने तिचे लग्न लवकर उरकले जाते. म्हणजे धोका पुरुषांकडून आणि शिक्षा मुलीला. अंबाजोगाईच्या ‘मानवलोक’ संस्थेत शैला लोहिया यांनी उभारलेल्या ‘मनस्विनी’ प्रकल्पाने परित्यक्ता व पीडित स्त्रियांसोबत काम केले. जात वगळून स्त्रीवरील हिंसा समजत नाही, हा समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांचा आग्रहही इथे लागू पडतो. पाश्चात्त्य विद्यापीठांत घडलेल्या मोजपट्ट्यांत उचल आणि जात यांना जागा नाही. मराठवाड्यात हे संशोधन व्हायचे, तर या दोन गोष्टींपासूनच सुरुवात करावी लागेल.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते आणि सरकारी तसेच खासगी रुग्णालयाला पीडितेवर तातडीने मोफत उपचार करावे लागतात. कोल्हापूरच्या किंवा कर्नाटकातल्या फडावरून परतलेल्या बाईची तक्रार घाटनांदूरजवळच्या ठाण्यालाही नाकारता येत नाही.