सूर बंदराचा जकात-संघर्ष

ओमानच्या पूर्व किनाऱ्यावरील सूर या बंदरात दर्यावर्दी अरब टोळ्यांकडून मस्कतच्या सुलतानासाठी जकात वसूल करण्याचे प्रयत्न ब्रिटिशांच्या पाठबळाने झाले. त्यांतून उद्भवलेला हा दीर्घ संघर्ष. जनाबा व बनी बू अली या त्यातील प्रमुख टोळ्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत तो सर्वांत तीव्र झाला. रकमेच्या हिशेबाने पाहिल्यास हा वाद लहान वाटेल. परंतु ज्याला जकात द्यायची त्याचे धनीपण मान्य करायचे, ही समजूत दोन्ही बाजूंना पक्की होती आणि म्हणूनच तो इतका चिघळला.

सूर हे रास अल-हद्दच्या टोकाजवळ, खाडीच्या मुखाशी वसले आहे. खाडीच्या एका अंगाला जनाबांची वस्ती, तर समोरच्या अल-ऐका गावात बनी बू अलींचा जोर. या टोळीचे मूळ ठाणे मात्र आतल्या जालान प्रदेशात होते. सूरचे नाखुदे मोसमी वाऱ्यांच्या वेळापत्रकाने झांझिबार, बसरा, मलबार आणि मुंबईपर्यंत जात. ‘गंजा’ व ‘संबूक’ जातीची गलबते येथेच बांधली जात आणि त्यांचे सागवान मलबारहून येई. तांदूळ, कापड, साखर हा माल परस्पर सूरला उतरे व तेथून जालानकडे जाई. खजूर आणि सुके मासे बाहेर जात. मस्कतला न शिवता चालणारा हा व्यापार सुलतानाच्या जकात-चौकीबाहेरच राही.

जकातीचा दर परकीय सत्तांशी झालेल्या तहांनी बांधला गेला होता. १८३३ मध्ये अमेरिकेशी आणि १८३९ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारांत आयात मालावर शेकडा ५ ही मर्यादा ठरली. वसुलीचा मक्ता प्रायः कच्छच्या भाटिया व्यापाऱ्यांकडे असे. झांझिबारला जयराम शिवजी यांची पेढी आणि मस्कतला रतनशी पुरुषोत्तम ही त्यांतली ठळक नावे. १८९९ मध्ये सुलतान फैसल बिन तुर्की याने मस्कतची वसुली स्वतःकडे घेतली. मक्तेदाराचा हात मस्कत आणि मत्रह येथे पोहोचे. सूरला मात्र शेखांच्या संमतीवाचून काही हाती लागत नसे.

या टोळ्यांशी ब्रिटिशांची पहिली मोठी गाठ जकातीवरून पडली नव्हती. चाचेगिरीच्या आरोपावरून नोव्हेंबर १८२० मध्ये कॅप्टन पेरोनेट थॉम्प्सन सुलतानाच्या सैन्यासह बनी बू अलींवर चालून गेला आणि त्याच्या शिपायांची अक्षरशः कत्तल झाली. पुढल्या वर्षी मुंबईहून जनरल लायोनेल स्मिथच्या नेतृत्वाखाली मोठी फौज गेली. खडकीच्या लढाईनंतर १८१७ मध्ये पुणे ताब्यात घेणारा तो हाच स्मिथ. मार्च १८२१ मध्ये त्याने टोळीचे ठाणे उद्ध्वस्त केले व कैदी मुंबईला आणले. वसुलीसाठी एवढ्या खर्चाची मोहीम काढायची नाही, हे धोरण त्यानंतर शंभर वर्षे टिकले. टोळीच्या आठवणीतही तो पराभव आणि त्याआधीचा विजय दोन्ही राहिले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सूरच्या नाखुद्यांनी फ्रेंच निशाण जवळ केले. फ्रेंच वसाहतींतून मिळालेले परवाने आणि झेंडा असला की ब्रिटिश युद्धनौकांना गुलामांच्या शोधासाठी गलबत थांबवणे अवघड जाई, आणि सुलतानाच्या अंमलापासून सुटका झाल्याचा दावाही करता येई. या निशाणाचा उपयोग गुलामांच्या व्यापारासाठी झाला ही गोष्ट लपवण्याजोगी नाही. सूरच्या स्वातंत्र्यप्रेमाचे कौतुक करताना तिचा विसर पडू नये. १९०० मध्ये सुलतान फैसल ब्रिटिश पोलिटिकल एजंट पर्सी कॉक्सला बरोबर घेऊन सूरला गेला व झेंडे परत करण्याविषयी त्याने नाखुद्यांचे मन वळवले. तरीही वाद मिटेना. अखेर तो हेगच्या लवादापुढे गेला. ऑगस्ट १९०५ च्या निवाड्याने नव्या परवान्यांवर कडक मर्यादा घातल्या, आणि झेंडा मिळाला म्हणून त्याचा धारक सुलतानाच्या अधिकारक्षेत्राबाहेर जात नाही, हेही स्पष्ट केले. कायद्याने सूरचे लोक पुन्हा सुलतानाचे प्रजाजन ठरले. त्यांच्याकडून कर कोण आणि कसा घेणार, हा प्रश्न मात्र होता तिथेच राहिला.

ब्रिटिशांना त्या उत्तराची गरज वाटू लागली ती मस्कतच्या दिवाळखोरीमुळे. १८६१ च्या कॅनिंग निवाड्याने झांझिबार वेगळे झाले आणि मस्कतचा मोठा उत्पन्नाचा मार्ग गेला. १९१२ मध्ये शस्त्रव्यापारावर निर्बंध आले, तेव्हा बुडालेल्या जकातीपोटी हिंदुस्थान सरकारने सुलतानाला वर्षाला १ लाख रुपये देऊ केले. १९१३ मध्ये आतल्या टोळ्यांनी आपला धार्मिक नेता मानलेल्या इमामाच्या झेंड्याखाली बंड केले. १९२० मध्ये सरकारने सुलतानाला कर्ज दिले आणि त्याच्या फेडीची भिस्त जकातीवर ठेवली. त्या दिवसापासून मस्कतचे जकात खाते व्यवहारतः ब्रिटिशांच्या देखरेखीखाली आले. धनकोला आपले पैसे हवे होते, आणि ते देण्याचा भार अशा नाखुद्यांवर पडणार होता ज्यांनी ते कर्ज कधी मागितले नव्हते.

त्याच वर्षी पोलिटिकल एजंट रोनाल्ड विंगेट याने आतल्या टोळ्यांच्या मालावर भारी दंडात्मक जकात बसवली. खजूर विकल्याशिवाय त्यांचे चालणार नव्हते. सप्टेंबर १९२० मध्ये सीब येथे सुलतान आणि या टोळ्या यांच्यात तह झाला. ओमानच्या आतल्या भागातून मस्कत, मत्रह, सूर व इतर किनारी गावांत येणाऱ्या कोणाकडूनही शेकडा ५ हून अधिक घेऊ नये, असे त्यात लिहिले गेले. सूरचे नाव तहात स्पष्टपणे आले याला महत्त्व आहे: तेथे सुलतानाचा कर घेण्याचा हक्क टोळ्यांच्या प्रतिनिधींनी कागदावर मानला.

बनी बू अलींनी तो व्यवहारात मानला नाही. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्या शेखाने स्वतंत्र सत्ताधीश असल्याचा दावा केला, अरबस्तानातील सत्ताधीश इब्न सौदकडे आधार शोधला आणि अल-ऐका येथे स्वतःची जकात-चौकी उभी केली. एकाच खाडीत दोन चौक्या झाल्या. सुलतानाचा अर्थमंत्री बर्ट्राम थॉमस (१९२५–३०), जो पुढे रुब अल-खाली वाळवंट ओलांडणारा पहिला युरोपीय म्हणून गाजला, या प्रश्नात गुंतला. सुलतानाकडे १९२१ मध्ये उभारलेली मस्कत लेव्ही कोअर ही छोटी पलटण होती; जालानमध्ये लढण्याचे बळ तिच्यात नव्हते. युद्धनौका दाखवणे शक्य होते, विमाने वापरावीत अशीही चर्चा झाली. पण सुलतानाच्या वसुलीसाठी रक्त सांडण्याची सरकारची तयारी नव्हती.

किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला निराळी वागणूक दिसते. मुसंदममधील खसब येथे शिहूह टोळीच्या शेखाने सुलतानाची सत्ता मानण्यास नकार दिला, तेव्हा १९३० मध्ये ‘लुपिन’ व ‘सायक्लामेन’ या ब्रिटिश नौकांनी गावावर तोफा डागल्या. खसब समुद्राकडून माऱ्यात येत होते. सूरच्या मागे जालान होते, आणि तोफेचा गोळा जिथवर जाई तिथेच नौदलाचा अधिकार संपत असे.

प्रस्तुत लेखकाच्या मते सूरचे बळ घटवण्यात तोफांपेक्षा आगबोटींचा वाटा मोठा होता. १८६२ पासून ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या टपालबोटी मुंबईहून आखातात जाऊ लागल्या व माल मस्कतच्या धक्क्याला उतरू लागला. जे गलबताने येत नाही त्यावर सूरच्या शेखाला ना सवलत देता येई, ना कर बसवता येई. १९३२ मध्ये गादीवर आलेल्या सईद बिन तैमूर याने खर्चाला लगाम घातला आणि टोळ्यांच्या शेखांना भेटी व तनखे देऊन जवळ ठेवण्याचा मार्ग पत्करला. १९६७ मध्ये खनिज तेलाची निर्यात सुरू होईपर्यंत मस्कतच्या तिजोरीचा मुख्य आधार जकातच होती.